वीज कुठून येते?



मागच्या पावसाळ्यात सातारा जिल्ह्यातल्या एका शिबिराला गेले होते. बचतगटांतल्या पन्नासेक बाया, शाळेचा हॉल, बाहेर धो धो पाऊस. 'वीज आणि आपण' हा माझा विषय. तयारी करून गेले होते. मोठ्या कागदावर परातीएवढा गोल काढून त्याचे तुकडे रंगवले होते : कोळसा काळा, पाणी निळं, ऊन पिवळं, अणू लाल. कागद उघडण्याआधी सवयीप्रमाणे प्रश्न टाकला, "वीज कुठून येते?"

"डीपीतनं," एक म्हणाली. "वायरमनची मर्जी आसंल तवा," दुसरी म्हणाली आणि हशा पिकला. "बिल भरलं की येती." पुन्हा हशा. मग मागे भिंतीला टेकून बसलेल्या पंच्याहत्तरीच्या एका आजी म्हणाल्या, "आमच्या गावातनं येती. गाव पान्याखाली हाय न्हवं."

हॉल शांत झाला. आजी कोयनेच्या धरणग्रस्त. गाव उठलं तेव्हा त्या परकर नेसणाऱ्या पोरी होत्या. माझ्या हातातल्या कागदावर पाण्याचा तुकडा होता, त्याची टक्केवारी होती, पण आजींचं उत्तर लिहायला जागा नव्हती. हा अंक तिथून सुरू झाला.

आपल्यापैकी बऱ्याच जणींना हा विषय इंजिनिअरांचा वाटतो. खरं सांगायचं तर मलाही तो तसाच वाटायचा. हुंडाबळी, पोटगी, रेशन, दारूबंदी ही आपली कामं आणि मेगावॅट ही त्यांची, अशी वाटणी आपण कधी केली ते आठवतही नाही. म्हणून आधी तो कागद सांगते, मग आजींच्या उत्तराकडे येते.

सरकारी आकडे वाचताना पहिली फसगत होते ती 'क्षमता' आणि 'निर्मिती' या दोन शब्दांत. आमच्या घरी माळ्यावर लग्नाकार्याची मोठमोठी पातेली आहेत. भांडी मोजायला बसलं तर शंभर माणसांचं जेवण होईल. रोजचा भात मात्र एका कुकरात शिजतो. पातेली ही क्षमता, कुकरातला भात ही निर्मिती. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी आता कोळसा, वायू, तेल न जाळणाऱ्या स्रोतांची आहे. ही बातमी खरी आहे आणि चांगलीही आहे. पण २०२४-२५ या वर्षात प्रत्यक्ष तयार झालेली वीज पाहिली तर चारांतली जवळजवळ तीन युनिटं कोळशाची होती. पाण्याचा वाटा आठ-नऊ टक्के, ऊन आणि वारा मिळून बारा-तेरा टक्के, अणूचा तीनेक टक्के.

असं का? कारण कोळशाची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवता येते. ऊन संध्याकाळी जातं, वारा त्याच्या मनानं येतो. आणि घराघरांतली विजेची मागणी चढते ती नेमकी दिवस मावळल्यावर : दिवे लागतात, टीव्ही लागतो, पंखे फिरतात, मिक्सर घरघरतात. बाई कामावरून घरी येऊन स्वयंपाकाला लागते ती वेळ. दिवसा तयार झालेली वीज त्या वेळेसाठी साठवून ठेवायची सोय अजून तोकडी आहे, म्हणून कोळसा लागतो. आपला संध्याकाळचा स्वयंपाक देशाच्या वीजव्यवस्थेतला इतका मोठा प्रश्न आहे हे कळल्यावर शिबिरातल्या बायांना फार मजा वाटली.

आणि वीज बनते कशी? कोळशाच्या केंद्रात पाणी उकळतात. त्या वाफेच्या जोरावर चक्र फिरतं, चक्राला जोडलेलं जनित्र फिरतं, वीज तयार होते. अणुकेंद्रातही पाणीच उकळतात, फक्त जाळ युरेनियमचे अणू फुटण्याचा. साखर कारखान्यात उसाच्या चिपाडाचा जाळ. धरणात वाफेऐवजी उंचावरून कोसळणारं पाणी चक्र फिरवतं, पवनचक्कीत वारा. चक्राशिवाय वीज देते ती सौर पाटी. एवढंच आहे. चुलीपुढे जन्म काढलेल्या बाईला जाळ, आधण आणि वाफ समजावून सांगायला इंजिनिअर लागत नाही. तिला सांगितलं जात नाही ते वेगळंच असतं : जळण कुणाच्या जमिनीतून आलं, राख कुणाच्या दारात पडली आणि मोबदल्याच्या कागदावर अंगठा कुणाचा घेतला.

आता पाणी. महाराष्ट्रात पाण्याच्या विजेची गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवायचं, ते पश्चिमेला कोकणात खाली सोडायचं आणि त्या पडण्याच्या जोरावर मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. टाटांचं खोपोलीचं केंद्र १९१५ चं. पुढच्या धरणासाठी मुळशीच्या मावळातल्या जमिनी घ्यायचं ठरलं तेव्हा, १९२१ मध्ये, सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरणाविरुद्धचा जगातल्या पहिल्या लढ्यांपैकी तो एक. मावळातल्या बायाही त्यात उतरल्या होत्या. बावन्न गावांचा तो प्रश्न. धरण झालंच.

कोयना स्वतंत्र देशाचं धरण. पहिल्या टप्प्यातली वीज १९६२ मध्ये सुरू झाली. आज सगळे टप्पे मिळून क्षमता १,९६० मेगावॅट. शिवसागराचं पाणी बोगद्यांतून पोफळीकडे नेतात, वीज करून ते वाशिष्ठीला सोडतात आणि ते समुद्राला मिळतं. कृष्णा लवादानं पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन हिंडत होत्या ते दिवस फार जुने नाहीत. कोयनेची वीज मात्र व्यवस्थेला फार मोलाची, कारण पाण्याचं चक्र काही मिनिटांत सुरू करता येतं. संध्याकाळी मागणी चढली की कोयना धावून येते. मुंबईतला माझा संध्याकाळचा वरणभात त्या पाण्यावर शिजलेला असू शकतो, हे मी आजींसमोर बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शिजू द्या की. पर आमाला इचारलं न्हाई कुनी."

गावं उठली तेव्हा महाराष्ट्रात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला, मग १९८६ मध्ये आणि १९९९ मध्ये नवा. कोयनेची माणसं सांगलीपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. काहींची प्रकरणं तिसऱ्या पिढीतही सरकारदरबारी पडून आहेत. आजींच्या वडिलांना जमीन मिळाली ती लांबची, मुरमाड. ती भावांच्या नावावर झाली. आजींचं लग्न पांगलेल्याच दुसऱ्या गावात झालं, तिथली जमीन सासऱ्याच्या नावावर. सासरा गेला, नवरा गेला, जमीन दिरांकडे राहिली. धरणग्रस्ताचा दाखला त्यांच्या माहेरीही आहे आणि सासरीही. त्यांच्या स्वतःच्या नावावर दोन्हीकडे काही नाही. म्हणजे एकाच धरणानं त्यांना दोनदा उठवलं आणि मोजलं एकदाही नाही.

हे कारकुनाच्या नजरचुकीनं होत नाही. ते लिहिलेलं असतं. नर्मदेचंच बघा. सरदार सरोवराच्या १,४५० मेगावॅट विजेत मध्य प्रदेशाचा वाटा ५७ टक्के, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा १६. या २७ टक्क्यांसाठी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली ३३ आदिवासी गावं बुडितात गेली. नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा. त्या काळाच्या मानानं तो पुढारलेला समजला जातो, कारण त्यात जमिनीच्या बदल्यात जमीन होती. पण 'कुटुंब' या शब्दाची व्याख्या वाचा. नवरा, बायको, अज्ञान मुलं, अवलंबून असलेली माणसं हे एक कुटुंब. आणि प्रत्येक सज्ञान मुलगा म्हणजे स्वतंत्र कुटुंब. सज्ञान मुलगा. एका घरात तीन तरणे मुलगे असले तर ते तीन कुटुंबं. तीन तरण्या मुली असल्या, त्यातली एक टाकलेली, एक न लग्न केलेली, तर त्या शून्य. ज्या डोंगरात पेरणीपासून मोहफुलं वेचण्यापर्यंत निम्म्याहून जास्त कष्ट बाईचे, तिथे हा हिशेब.

ही व्याख्या बदलायला २०१३ साल उजाडलं. त्या वर्षीच्या भूसंपादन कायद्यात सज्ञान व्यक्ती, मग ती बाई असो वा पुरुष, स्वतंत्र कुटुंब धरली गेली. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेल्या बायकांचा वेगळा उल्लेख आला. १९७९ ते २०१३, चौतीस वर्षं. मधल्या काळात किती बायांनी मोर्चात पाण्यात उभं राहून रात्री काढल्या हे आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, तुमच्यापैकी काही जणी तिथे होतात.

कोळशाबद्दल मला जास्त बोलवत नाही, कारण त्याबद्दल बोललं की घरातली एक जुनी आठवण येते. कोळशाच्या पट्ट्यातल्या एका मैत्रिणीकडे चार दिवस राहिले होते. तिच्याकडे दिवसातून चार वेळा फरशी पुसायची पद्धत आहे. बाळंतिणीची बाजली आतल्या खोलीत, खिडकी कायम बंद. दोरीवरचे कपडे झटकूनच घडी घालायचे. तिची सासू म्हणाली, "सून आली तेव्हा गोरी होती." मला वाटलं थट्टा करतात. मग फरशी पुसायला मी बसले आणि बादलीतलं पाणी पाहिलं. हे पुसणं कुठल्याही प्रकल्प अहवालात खर्च म्हणून धरलेलं नसतं.

चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं, राज्यातल्या सरकारी केंद्रांत सगळ्यात मोठं. एक युनिट विजेला साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा लागतो. पूर्ण क्षमतेनं केंद्र चाललं तर दिवसाला चाळीस हजार टनांच्या वर कोळसा जळेल. आपल्या कोळशात राख भरपूर, तिसरा हिस्सा तरी. म्हणजे रोज दहा-पंधरा हजार टन राख. ती कुठेतरी ठेवावी लागते, पाण्यात कालवून मोठमोठ्या तळ्यांत सोडतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ कोराडी केंद्राच्या राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि ती राख शेतांत, ओढ्यात गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या अतिगंभीर प्रदूषित औद्योगिक भागांची यादी केली, त्यात चंद्रपूर होतं. दवाखान्याच्या रांगेत पोराला कडेवर घेऊन कोण उभं असतं ते मी सांगायला नको.

रोजगाराचं म्हणाल तर १९५२ च्या खाण कायद्यानं बाईला जमिनीखालच्या कामाची मनाई केली आणि वरच्या कामाची रात्रपाळीही बंद केली. तिच्या रक्षणासाठी असं म्हणतात. ही बंदी अटींसह उठली ती २०१९ मध्ये. रक्षण करताना पगाराची पक्की नोकरी पुरुषाकडे गेली आणि रस्त्यावर पडलेला कोळसा टोपलीत वेचून विकणं बाईकडे राहिलं.

अणू आणि वायू हे दोन स्रोत भाकरीच्या हिशेबात लहान तुकडे आहेत, म्हणून लवकर सांगते. तारापूर १९६९ पासून चालू, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. तिथे पुढची युनिटं आली तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचं केंद्र प्रस्तावित आहे, तिथल्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं मोबदल्याचे चेक नाकारले. चेक नाकारण्याचा निर्णय घरात टिकवून धरणं म्हणजे काय असतं हे पैशाची ओढाताण सोसणाऱ्या बाईलाच कळेल. आणि दाभोळ. एन्रॉनचा प्रकल्प आपल्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. वीज मंडळाशी करार १९९३ मध्ये, पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॅट वीज १९९९ मध्ये, आणि २००१ मध्ये केंद्र बंद, कारण ती वीज परवडेना. पुण्याच्या 'प्रयास' गटानं कराराचे आकडे सोडवून ही वीज किती महाग पडेल हे आधीच दाखवलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही. मला मात्र आकड्यांपेक्षा ३ जून १९९७ ची पहाट आठवते. वेलदूर या कोळ्यांच्या गावात पोलीस शिरले. पुरुष बरेचसे समुद्रावर होते. दारं तोडून बायांना बाहेर ओढलं, मारलं, गाड्यांत घातलं. 'ह्यूमन राइट्स वॉच'च्या १९९९ च्या अहवालात हे सारं नोंदलेलं आहे. दाभोळची चर्चा आजही परकीय गुंतवणूक आणि फसलेला करार अशीच होते. वेलदूरच्या बायका त्या चर्चेत नसतात.

आता एका स्रोताबद्दल जरा थांबून बोलायचं आहे, कारण त्याची वीज 'हरित' म्हणून मोजतात. साखर कारखान्यात रस काढून उरलेलं चिपाड जाळून वीज करतात, तिला सहवीजनिर्मिती म्हणतात. राज्यात तिची क्षमता दोन हजार मेगावॅटच्या वर गेली आहे. कोळसा नको, परदेशी तेल नको, ऊस पुन्हा उगवतो, म्हणून ती अपारंपरिक ऊर्जेच्या खात्यात जमा होते. कारखान्याला साखरेबरोबर विजेचेही पैसे मिळतात. ऊस मात्र आपोआप गव्हाणीत पडत नाही. तो बीडहून, नगरच्या पूर्व भागातून, मराठवाड्यातून आलेली जोडपी तोडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. लक्षात घ्या, दोन माणसं, एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, हिशेब नवऱ्याशी, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाई मात्र त्या कोयत्यातला अर्धा भाग. पाळी आली म्हणून खाडा झाला तर खाड्याचे पैसे कापतात. फडावर न्हाणी नाही, संडास नाही.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला तेव्हा राज्य सरकारनं समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. आपल्या ओळखीतल्या सहा बाया डोळ्यांसमोर आणा. त्यातली एक. यातल्या प्रत्येक शस्त्रक्रियेमागे खाड्याची भीतीच होती असं मी म्हणत नाही. खाजगी दवाखान्यांचा लोभ, कॅन्सरची घातलेली भीती, लहान वयातली लग्नं, सततची जंतुबाधा, सगळं त्यात आहे. पण चिपाडाची वीज हरित ठरवणाऱ्या कोष्टकात धूर मोजायचा रकाना आहे, राखेचा आहे. या बायांचा नाही. आमच्या एका सहकारी मैत्रिणीनं विचारलं, "याचा विजेशी काय संबंध? ऊस तर साखरेसाठीच तोडतात." बरोबर आहे. मग विजेचे जादा पैसे मिळायला लागल्यावर कोयत्याच्या दरात त्यातलं काय आलं, एवढा तरी संबंध विचारू या.

सूर्याबद्दल लिहिताना आमच्या संपादक मंडळात चांगलीच जुंपली. तरुण मैत्रिणींचं म्हणणं, हवामान बदलानं पहिला घाव बाईवर येतो, पाणी तीच भरते, म्हणून कोळसा लवकरात लवकर बंद व्हायला हवा, आपण सौरऊर्जेच्या बाजूनं ठामपणे लिहावं. विदर्भातली मैत्रीण म्हणाली, "केंद्र बंद झाल्यावर कंत्राटी कामगाराच्या घरात काय शिजेल ते आधी लिहा." मला दोघींचंही पटतं आणि तरीही बाजू घ्यायची तर मी उन्हाची घेते. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही. वर्षानुवर्षं शेतीचा थ्री-फेज पुरवठा आठवड्याच्या काही दिवशी रात्रीच येत आला. विहिरीवर मोटार चालू करायला मध्यरात्री जावं लागतं. घरात पुरुष असेल तर तो जातो, चिडत जातो. नवऱ्यानं आत्महत्या केलेली बाई, एकटी बाई, ती कुणाला पाठवणार? साप, बिबट्या आणि माणसं, तिन्हींची भीती घेऊन ती बॅटरी हातात धरून जाते किंवा पीक वाळू देते. दिवसा उन्हाची वीज मिळणं हा तिच्यासाठी पर्यावरणाच्या आधी सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

राज्य सरकारची सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू झाला. गावाजवळ सौर प्रकल्प उभा करायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यायची. जमीन भाड्यानं घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं. कोरडवाहू हेक्टरातून एवढं उत्पन्न निघत नाही, तेव्हा सौदा वाईट नाही. पण भाडं कुणाला? सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशात बायकांकडे असलेली वहिवाटीची खाती सुमारे १४ टक्के. आणि हे भूसंपादन नव्हे, भाडेपट्टा आहे. त्यामुळे २०१३ च्या कायद्यात इतक्या वर्षांनी मिळवलेली 'सज्ञान व्यक्ती म्हणजे कुटुंब' ही व्याख्या इथे लागूच होत नाही. शेतमजूर बाईचं त्या रानातलं काम गेलं तर तिचं नाव कुठल्याच कागदावर येणार नाही.

दुसरी गोष्ट गायरानाची. या योजनेसाठी सरकारी जमिनीही दिल्या जातात, त्यात गायरानं आहेत. कागदावर गायरान रिकामं असतं. प्रत्यक्षात तिथे भूमिहीन बाईच्या शेळ्या चरतात, सरपण मिळतं, मराठवाड्यात तर दलित कुटुंबांनी कित्येक वर्षं कसून उभं केलेलं रान असतं. तारेचं कुंपण पडलं की हे सारं बाहेर. मोबदला कशाचा मागणार? जे तिचं कधी नव्हतंच. सौर पाट्यांखाली गवत वाढतं, तिथे शेळ्या-मेंढ्या चारू देणं अशक्य नाही. पाट्या धुवायला, गवत काढायला माणसं लागतात, ते काम गावातल्या बचतगटाला देता येतं. ग्रामसभेत ठराव होण्याआधी या अटी कोण घालणार, हा प्रश्न आहे. ठराव झाल्यावर आपण मोर्चा काढतो. या वेळी जरा आधी जाऊ या.

आणि इतकं सारं करून बनलेली वीज घरात आल्यावर काय करते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, वीज असलेल्या घरांत राहणारी लोकसंख्या होती ९६.८ टक्के. स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरं ५८.६ टक्के. खेड्यात तर ४३.२. तार दारापर्यंत आली, चुलीपर्यंत आली नाही. धरणं झाली, खाणी झाल्या, अणू फोडून झाला, आणि बाई अजून ओलं सरपण फुंकते आहे. सिलिंडर घरात असतो, पण भरून आणायला पैसे नसतात, मग तो कोपऱ्यात उभा. काटक्या, गोवऱ्या, तुराट्या यांवर देशातला किती स्वयंपाक होतो हे लक्षात घेतलं तर माझ्या त्या रंगीत गोलात एक मोठा तुकडा मी काढलाच नव्हता. तो विजेचा नाही म्हणून. बाईच्या डोक्यावरून येणाऱ्या मोळीला मेगावॅटमध्ये मोजत नाहीत.

शिबिराच्या शेवटी आजी उठून कागदाजवळ आल्या. म्हणाल्या, "ह्या निळ्यात आमची गावं लिवा." त्या एकेक नाव सांगत गेल्या, मी स्केचपेननं लिहीत गेले. काही नावं दोघीतिघींनी मिळून आठवली. निळ्या तुकड्यात जागा पुरली नाही तेव्हा बाहेर समासात लिहिली.

पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून काही हवं आहे. प्रत्येक गटानं आपल्या वस्तीतली दहा घरं घ्यावीत आणि एवढंच पाहावं : विजेचं मीटर कुणाच्या नावावर आहे, बिल प्रत्यक्ष कोण भरतं, नवरा वारल्यावर किंवा सोडून गेल्यावर नाव बदलून घेता आलं का, त्यासाठी कुठले कागद मागितले. गावात सौर प्रकल्प आला असेल किंवा येणार असेल तर जमीन कुणाची, आधी तिथे काय होतं, ग्रामसभेत किती बाया हजर होत्या, हेही लिहा. ऊसतोडीच्या भागातल्या गटांनी यंदाची उचल आणि कोयत्याचा दर कळवावा. वीजदर ठरवण्याआधी राज्य वीज नियामक आयोग लोकांकडून सूचना आणि हरकती मागवतो. कुणीही साधा ग्राहक साध्या मराठीत अर्ज करू शकतो. आजवर तिथे उद्योजक, यंत्रमागवाले, शेतकरी संघटना जात आल्या आहेत. आपल्या दहा-दहा घरांच्या नोंदी एकत्र आल्या की आपणही जाऊ. पत्रं पोस्टकार्डावर आली तरी चालतील, अक्षर कसंही असो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगावं, दुसरीनं लिहावं, आणि सांगणारीनं खाली स्वतःचं नाव घालावं.